माव्यानं मुंग्यांना बोलावलं!

मंडळी, बोट अजून चुरचुरतंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही!

सकाळी ब्राह्मणपुरीत, आमच्या परसात, मी आणि माझ्या थोरल्या जाऊ चवळीच्या शेंगा तोडत होतो. वेलावर रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा काळा मावा पडलाय आणि त्याचा गोड चिकटा चाटायला मुंग्यांची झुंबड! जाऊबाई वैतागल्या, "उपटी टाक हाऊ येल! मुंग्या चावी ऱ्हायन्यात."

मी हौसेनं लावलेला पहिला वेल हो! "आक्का, थांबा जरा," म्हणत मी वाकले, तेवढ्यात एका लाल, ठिपकेवाल्या ढालकिड्यानं एक मावा धरला. माव्याच्या पाठीवर बारीकसा थेंब आला आणि लांबच्या मुंग्या धावत आल्या. त्यांनी ढालकिड्याला चावून पार खाली पाडलं!

आवाज तर झाला नाही, मग त्यांना कळलं कसं?

"वास उना व्हई त्यास्ले," आक्का म्हणाल्या.

वास आला असेल? खात्री करायला मी एक मावा चिरडला आणि बोट मुंग्यांजवळ नेलं. काय कडाडून चावल्या! मी ओरडतेय आणि आक्का हसून हसून खाली बसल्या.

मोबाइलवर शोधलं, तर खरंच! संकटात सापडलेला मावा वास सोडतो आणि तो ओळखून मुंग्या राखणीला येतात.

मग आक्कांनीच वेलाच्या बुडाशी ग्रीस लावलेली चिंधी बांधली. मुंग्यांची वाट बंद! दुपारी दोन ढालकिडे निवांत मावा खात होते.

आता आक्का शेजारणींना हात धरून आणतायत, "देख वं, नुसती देख!"

तुमच्या परसात असं काही चाललंय का? बघा आणि मला सांगा.