तळहातावरचे थेंब

आज त्या वर्षीचं पिंप उघडलं आणि ओल्या लाकडाचा वास आल्याबरोबर ती सकाळ आठवली. लॉकडाऊनमध्ये हॉलंडमधल्या आमच्या जुन्या व्हिस्की डिस्टिलरीत दोघंच असायचो, भट्टी सांभाळणारे म्हातारबुवा आणि युट्रेख्टला शिकून नुकताच लॅबमध्ये लागलेला मी. तांब्याच्या भांड्यातून धार सुरू झाली की म्हातारबुवा चार थेंब तळहातांवर चोळून हुंगायचे. सुरुवातीची उग्र धार टाकून चांगली कधी धरायची, ते माझी यंत्रं नाही, त्यांचं नाक ठरवायचं. कोविडमधून उठून ते कामावर आले त्या दिवशी त्यांनी हात चोळले, हुंगले, पुन्हा हुंगले. मग थेंब माझ्या तळहातावर सोडून म्हणाले, “मास्क काढ. कसला वास येतोय?” “नेलपॉलिशसारखा.” “मग थांबू.” तिसऱ्या वेळी मला हिरव्या सफरचंदाचा वास आला. त्यांनी डोळे मिटून तो आठवून पाहिला आणि नळ फिरवला. “ऑफिसात बोलू नकोस,” एवढंच म्हणाले. मी बोललो नाही. आज निवृत्त म्हातारबुवांना मानाने पहिला ग्लास दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी जाऊन हळूच म्हटलं, “सफरचंद आहे अजून.”