डबल बेल

पिकअपचं इंजिन सुरू असायचं, हँडब्रेक उतरलेला असायचा, गिअरही पडलेला असायचा आणि तरी गाडी जागची हलायची नाही. मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्या स्टोअरच्या दाराकडे बघत बसलेले असायचे. मग हाक यायची, "बेल द्या की ओ!" मी हातातलं काम टाकून बाहेर जायचो आणि पिकअपच्या मागच्या फाळक्यावर मुठीने दोन ठोके मारायचो. तेव्हा कुठे मामा समोर बघायचे आणि गाडी निघायची.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. दुबईच्या अल क्वोजमध्ये फायबरच्या बोटी बनवणाऱ्या एका वर्कशॉपात मी स्टोअरकीपर होतो आणि मामा तिथले पिकअप ड्रायव्हर. तयार झालेली बोट ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर पिकअपच्या मागे जोडायचा आणि गिऱ्हाईक सांगेल त्या धक्क्यावर नेऊन पोचवायचा, हे त्यांचं काम. त्यांचं नाव सांगत नाही. सगळं वर्कशॉप त्यांना मामाच म्हणायचं, अगदी केरळचे फायबरवालेसुद्धा, आणि त्यातल्या निम्म्यांना या शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता.

दुबईला येण्याआधी मामा एसटीत होते. कोल्हापूरकडच्या एका डेपोत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तुम्ही एसटीने हिंडला असाल तर तुम्हाला सांगायला नको. कंडक्टरने एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. आणि गाडी मागे घ्यायची असेल तर कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहणार, "येऊ द्या, येऊ द्या" करणार आणि शेवटी "बस्स" म्हणून पत्र्यावर थाप मारणार. तोवर ड्रायव्हरने आपल्या मनाने काही करायचं नाही. मामांच्या हातापायांत हे इतकं मुरलं होतं की देश बदलला, गाडी बदलली, स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे गेलं, पण बेल काही सुटली नाही.

सुरुवातीला लोकांना हे कळेना. आमच्या इजिप्शियन मॅनेजरला वाटलं गाडी बंद पडली. त्याने एकदा बॉनेट उघडायला लावलं. गेटवरच्या पठाण वॉचमनला मात्र खरी गंमत सापडली. मामा गेटातून बाहेर पडताना तो मुद्दाम पत्र्यावर एकच ठोका मारायचा. एक बेल म्हणजे थांबा. मामांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि मागची बोट ट्रेलरसकट हिंदकळायची. "खानसाब, एक बेल नको ओ, पाप लागंल!" मामा कोल्हापुरीत ओरडायचे आणि खानसाब पश्तूत हसायचा.

मामा राहायचे जवळच्याच लेबर कँपमध्ये. खोलीत सगळे बिहारचे आणि केरळचे. मराठी बोलायला अख्ख्या दिवसात माणूस एकच, तो म्हणजे मी. त्यामुळे ती बेल नुसती सवयीची नव्हती, हे मला लवकरच कळलं. दोन ठोके मारायला मी बाहेर आलो की मामा लगेच निघत नसत. "जेवलासा का?" "घरचा फोन आलता का?" असं दोन मिनिटं बोलून घ्यायचे. मी शहरातल्या करामा भागात चार बॅचलरांबरोबर राहत होतो आणि मलाही तसं दुसरं कोण विचारणार होतं?

"मामा, गावी कधी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "आपली वस्तीची गाडी हाय. रातच्याला हितं मुक्काम, सकाळी सुटायची." ती सकाळ काही केल्या उजाडत नव्हती. धाकटी मुलगी नर्सिंगला होती. ती शिकून पायावर उभी राहीपर्यंत मामांना ही नोकरी टिकवायची होती. एसटी सोडून आलेल्या माणसाला एसटी परत घेत नाही.

घरच्यांपेक्षा त्यांच्या बोलण्यात त्यांचा जुना कंडक्टरच जास्त यायचा. करूळच्या घाटात धुकं उतरलं की तो कंदील घेऊन पुढे कसा चालायचा, वस्तीच्या गावात दोघं मिळून पिठलं कसं करायचे. "बायकू सनासुदीला, कंडक्टर रोजचा," मामा म्हणायचे. "आमची मंडळी म्हनायची, सवत बरी, ह्यो कंडक्टर नगं."

मग एक मोठी बोट आली. म्हणजे आम्हीच बनवली, पण ती बनल्यावर कळलं की किती मोठी आहे. तिच्यासाठी चार चाकांचा नवा ट्रेलर आणला. मामा ती घेऊन जुमेराच्या धक्क्याकडे निघाले आणि वाटेत ट्रॅफिक पोलिसाने हात केला. पिकअपचे कागद बरोबर, मामांचं लायसन्सही बरोबर, पण ते हलक्या गाडीचं. पोलिसाने मागच्या बोटीकडे बोट दाखवलं. गाडी पिकअप असली म्हणून काय झालं, मागे ओढताय ते वजन हेवीचं आहे, त्याला हेवीचं लायसन्स लागतं. बोट तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ती आणायला भाड्याचा ड्रायव्हर पाठवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मामांना बोलावलं आणि दुभाषा म्हणून मला. आता सगळ्या ऑर्डरी मोठ्या बोटींच्याच होत्या. व्हिसा संपायच्या आत हेवी लायसन्स काढा, नाहीतर व्हिसा रिन्यू होणार नाही. "नो हेवी, खलास," मॅनेजर म्हणाला. तो दुष्ट नव्हता. त्यालाही वरून कुणीतरी तेच सांगितलं होतं.

मामा बाहेर आले आणि माझ्या स्टोअरमधल्या रेझिनच्या पिंपावर बसले. "म्या भरली गाडी घिऊन करूळ उतरलोय. आन् मला हेवी न्हाई म्हनत्यात." हसू यावं असंच ते होतं, पण मला हसता आलं नाही.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फाइल उघडली. उस्ताद पेशावरचा होता, मामांपेक्षा वयाने लहान. पुढे चालवताना तो मामांवर खूश. वळण, चढ, ब्रेक, कशात खोट नाही. अडलं ते ट्रेलर मागे घेण्यात. प्लॅस्टिकच्या शंकूंच्या दोन रांगांमधून ट्रेलर उलटा नेऊन आत लावायचा, एवढंच. मामा रिव्हर्स गिअर टाकायचे, खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि थांबायचे.

पहिल्या टेस्टला मी सोबत गेलो होतो. तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघत होतो. मामांच्या शेजारी पोलीस बसला. त्याने "यल्ला" म्हटलं, मामांनी ते डबल बेल समजून घेतलं आणि गाडी झकास निघाली. मग रिव्हर्सची पाळी आली. गाडी थांबली. डोकं बाहेर आलं. आतून पोलिसाचा आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला, "पीछे क्या देखता है? पीछे कोई नहीं! शीशा देखो, शीशा!" मामांनी आरशात बघितलं, गाडी हलली, ट्रेलर वाकडा झाला आणि शंकू आडवा. "खलास, हबीबी."

परतताना बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मागं कोन न्हाई म्हनतोय त्यो. आवो, कोन न्हाई म्हनूनच भ्या वाटतंय न्हवं?"

मी म्हटलं, शुक्रवारी वर्कशॉप बंद असतं, आपण सराव करू. मॅनेजरने परवानगी दिली. दर शुक्रवारी सकाळी मी करामातून बसने अल क्वोजला जायचो. रिकाम्या आवारात बोटींचे साचे उपडे पडलेले असायचे, त्यांच्या मधल्या गल्लीत मामा ट्रेलर उलटा घालायचे. मी मागे उभा. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे... बस्स." थाप. ट्रेलर असा बसायचा की बघत राहावं. मामांचा चेहरा फुलायचा. त्या दिवसांत ते मला "कंडक्टर" म्हणायला लागले. खरं सांगतो, दुबईत मला तोवर कुणी इतक्या मानाने हाक मारली नव्हती. सराव झाला की आम्ही कॅफेटेरियात परोटा-चहा घ्यायचो आणि मामा मला घाटातली वळणं सांगायचे.

दुसऱ्या टेस्टला पुन्हा शंकू आडवा.

उस्तादाने मला बाजूला घेतलं. सरावाच्या वेळी मी काय काय करतो ते त्याने विचारून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "भाईजान, आप पीछे खड़े रहोगे तो ये कभी पास नहीं होगा. इसको अकेला छोड़ो."

व्हिसा संपत आला होता. म्हणजे टेस्ट आता एकच.

त्या शुक्रवारी मी नेहमीसारखा मागे जाऊन उभा राहिलो, आणि मामा गाडीत चढल्यावर एका साच्याच्या आड जाऊन बसलो. आरशात दिसणार नाही असा. इंजिन सुरू झालं. रिव्हर्स पडल्याचा आवाज आला. मग शांतता.

"कंडक्टर?"

मी गप्प बसलो.

"हाय का मागं?"

सूर्य डोक्यावर आला होता, फायबरचा वास नाकात भरला होता. मामांनी पुन्हा हाक मारली, या वेळी मला माझ्या नावाने, आणि मग त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या नावाने. चुकून आलं असेल ते तोंडात. माझी मूठ आपोआप वळली होती. दोन ठोक्यांचं तर काम होतं. पण मी उठलो नाही. आपल्या माणसाच्या हाकेला ओ न देणं किती कठीण असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ट्रेलर हलला. चाकाखाली वाळू करकरली. थांबला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. वेळ लागला, पण साच्यांच्या मधोमध येऊन नीट उभा राहिला. थाप मारायला कुणी नव्हतं, म्हणून इंजिन उगाच बराच वेळ चालू राहिलं.

मामा उतरून मागे आले तेव्हा मी साच्याआडून उठलो. ते माझ्याकडे बघत राहिले. "होतासा व्हय?"

"होतो."

"बरं झालं," मामा म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं दिसत नव्हतं. त्या दिवशी आम्ही चहा घेतला, घाटाचा विषय काही निघाला नाही.

तिसऱ्या टेस्टला ते पास झाले. मी करामातून पेढे आणले, खानसाबने गळामिठी मारली, मॅनेजरने "मबरूक" म्हणून पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनचा आवाज आला तसा मी नेहमीप्रमाणे हातातलं टाकून बाहेर आलो. पिकअप गेटातून बाहेर पडत होती. मामांनी बेल मागितली नव्हती. मी मूठ वळून दारात उभा राहिलो आणि थोड्या वेळाने आत जाऊन रेझिनचे डबे मोजायला लागलो.

पुढे मामांना लांबची कामं मिळू लागली. फुजैरा, रास अल खैमा. डोंगराच्या रस्त्याने ते एकटेच मोठमोठ्या बोटी घेऊन जायचे. नोकरी टिकली, मुलीचं शिक्षण चालू राहिलं. स्टोअरमध्ये मात्र ते कामापुरतेच येत. एकदा मी गमतीत म्हटलं, "मामा, कंडक्टरला विसरलात." ते हसले नाहीत. "सवय लागली ओ," म्हणाले. "मागं न बगायची. वाईट सवय हाय, पर लागली."

मुलीला नोकरी लागल्याचं कळलं त्याच महिन्यात मामांनी व्हिसा कॅन्सल करायला दिला. मी तेव्हा सुट्टीवर भारतात होतो. परत आलो तर पिकअपवर नवा ड्रायव्हर. खानसाबने सांगितलं, जायच्या दिवशी मामांनी ट्रेलर नेहमीच्या जागी उलटा लावला, चावी दिली आणि तुमच्या बंद दाराशी थोडा वेळ उभे राहिले. तुमच्यासाठी गावातल्या फोनचा नंबर ठेवला आहे. मी तो घेतला आणि फोन करू करू म्हणताना वर्षं गेली.

दरम्यान माझं लग्न झालं, बायको आली, मुलगी झाली, गाडी आली. एका संध्याकाळी करामात आमच्या इमारतीमागे मी गाडी मागे घेत होतो. दोन्ही बाजूंना गाड्या चिकटून उभ्या. मी थांबलो आणि का कोण जाणे, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागच्या सीटवरून मुलगी कंटाळून म्हणाली, "पापा, देअर इज नोबडी बिहाइंड. जस्ट गो!"

वर गेल्यावर मी तो नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडे मामी होत्या. मी नाव सांगितलं.

"दुबईचं कंडक्टर व्हय?" त्यांना लगेच ओळख पटली. "ह्ये घरात न्हाईत बगा. वस्तीची गाडी यायची येळ झाली न्हवं. तिकडं गेल्यात."

"कुणी येणार आहे का गाडीने?"

"कुनी न्हाई. रोजच जात्यात. गाडी वळवून देवळाम्होरं मागं लावाय लागती. ह्ये मागं उभं ऱ्हात्यात आन् येऊ द्या, येऊ द्या करत्यात."

"पण गाडीला कंडक्टर असेल ना?"

"आस्तोय की. त्योबी हसतोय ह्येंना." मामी म्हणाल्या. "म्हनत्यात, ड्रायव्हरनं हाक मारली आन् मागनं कुनी बोललं न्हाई, आसं व्हाय नगं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ठिऊ का मग? का थांबतासा? गाडी आली की येत्यालच."

"थांबतो," मी म्हणालो.

त्यांनी फोन न तोडता रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. तिकडे अंधार पडला असेल, इकडे अजून ऊन होतं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो.