बदली होईपर्यंत

अहेरीला हजर झालो त्या दिवशीच मी ऑफिसात सांगून टाकलं होतं, "आपण काही इथी राहाले नाई आलो. वर्षभरात बदली!" मी कारकून, मूळचा चंद्रपूरचा. आमच्यात अहेरीची ऑर्डर म्हणजे शिक्षाच समजत. त्या एका वर्षाची एकोणीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज करायचा, यादी लागली की नाव शोधायचं, आणि नसलं की घरी येऊन जेवणावर राग काढायचा. भाजीत मीठ कमी, पाणी कोमट, कारण काहीही चालायचं.

बायको चामोर्शीकडची, धानवाल्या घरातली. तिला अहेरी आवडून गेली. आठवडी बाजारात बाया तिला हाक मारून जवळ बसवत. वर्षभरात ती कामापुरती गोंडीही शिकली. मी एकोणीस वर्षांत चार शब्द शिकलो नाही. कशाला शिकू, जायचंच होतं ना!

तिसऱ्या वर्षी आमच्याच मोहल्ल्यात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. ती शिकलेली, त्यात गोंडी बोलणारी. जागा तिलाच मिळाली असती. तिनं अर्ज भरून मला दाखवायला आणला.

"डोकं फिरलं काय?" मी खेकसलो. "सेविकेची बदली होत नाई. उद्या माझी ऑर्डर आली तं तू इथी अन् मी तिथी?"

"आली तं सोडून देईन ना," ती म्हणाली.

मी तो अर्ज फाडलाही नाही, तेवढीही हिंमत नव्हती. "देतो साहेबांना" म्हणून ठेवून घेतला आणि मुदत जाऊ दिली.

आमचा शिपाई जंगलातल्या गावचा. त्याची बायको तापानं गेली, पुढच्याच पावसाळ्यात पुरानं धान नेलं. तरी गडी ऑफिसात हसत यायचा, आणि मला त्याचाच संताप यायचा. एकदा विचारलंच, "तुले काही वाटत नाई का बे?"

"वाटते ना भाऊ. रडतो बी. पण रोज रोज कोन रडन?"

यडं आहे, म्हणून मी विषय सोडला.

शेवटी बदली झाली. चंद्रपूर! आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मग धूळ दिसायला लागली, ऊन पोळायला लागलं, नवा साहेब डोक्यात जायला लागला. अहेरी मागं राहिली, पण किरकिर माझीच होती, ती सामानाबरोबर आली. हे कळायलाही मला रिटायर व्हावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात ती शेजारणींबरोबर गच्चीवर कुरड्या घालत होती. जिन्यात मला तिचं हसणं ऐकू आलं, अगदी खदाखदा. ती एवढं मोठ्यानं हसते हे मला माहीतच नव्हतं, देवाशपथ! मी वर पोचलो आणि ती गप्प झाली.

जेवताना राहवलं नाही. विचारलं, "त्या अंगणवाडीचा राग आहे का मनात?"

"नाई जी. तो कवाच गेला."

"मग माझ्यासंगं सुखात होती का नाई तू?"

"होती ना," ती भात वाढत म्हणाली. "पण तुमच्यासमोर हसाचं भेव वाटे. तुमी म्हनान, माझी बदली नाई झाली अन् हिले काऊन हसू येऊन राह्यलं?"

तिची नोकरी तर एकदाच गेली होती; तिचं हे रोजचं हसू मी किती वर्षं खाल्लं, त्याचा पत्ताच नव्हता मला.

आता गच्चीवरून तिचं हसणं ऐकू आलं की मी जिन्यातच थांबतो. वर गेलो तर ते बंद होईल.