नर कुठल्या गवतातला?

रविवार, १७ नोव्हेंबर १९६३. हजर: मी, आमचे यजमान, थोरल्या जाऊबाई आणि शाळेतले शास्त्राचे मास्तर. शिवाय काचेच्या दोन बरण्या. एकीत माझी मादी, दुसरीत मास्तरांचा नर.

टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. तो पाळायची हौस आम्हाला मास्तरांनी लावली. माझी मादी कुणकेश्वराच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, जांभ्याचे चिरे काढताना बिळात सापडली होती. चार वर्षं ती माझ्याकडे होती. दर शनिवारी दोन झुरळं, शिंपलीत पाणी, कात टाकली की वहीत नोंद.

मास्तरांचा नर महिन्यापूर्वी त्यांच्या गोठ्यात गवताच्या भाऱ्यातून निघाला. पूर्ण वाढलेला नर पुढे काही महिनेच जगतो. तो मरायच्या आत त्याला माझ्या मादीजवळ सोडावं आणि पिल्लं व्हावीत, हा मास्तरांचा ध्यास. सावंतवाडीच्या दोघा हौशी गृहस्थांनी आणि मालवणच्या एका कंपाउंडरनं पिल्लं आधीच मागून ठेवली होती.

मादी पुष्कळदा नराला खाते, हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "मगे ह्यो जावय जेवूक येतलो काय जेवण होवूक?"

"तो धोका माझा," मास्तर म्हणाले. "वहिनी, तसाही तो उन्हाळा बघणार नाही."

मी वही उघडली. पिल्लांसाठी औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या. तोंडाला बांधायला मलमलीचे तुकडे कापले होते. घेणारे ठरले होते. एकच रकाना रिकामा होता.

"मास्तर, नर मूळचा कुठला?"

"गवतातून आला, वहिनी."

"गवत कुठलं?"

"गाडीवानानं आणलं. अर्धी गाडी फोंडाघाटाखालची, अर्धी आपल्या सड्यावरची."

"तुमच्या गोठ्यात कुठली अर्धी उतरली?"

ते त्यांना ठाऊक नव्हतं. घाटाखालच्या कोळ्याची जात वेगळी असू शकते. "दिसायला तर एकाच जातीचे वाटतात," ते म्हणाले.

"नर आणि मादी दिसायला वेगळेच असतात, हे तुम्हीच शिकवलंत. मग दिसण्यावरून जात कशी ठरवायची?"

जाऊबाईंनी सुपारी कातरता कातरता भर घातली, "मूळ गाव इचारल्याबिगर आमी सोयरीक करणव नाय."

यजमान माझ्याकडे बघून पुटपुटले, "मास्तरांक नाय म्हणूक माका जमाचा नाय. तूच सांग."

मला जमणार होतं. आमचा धंदा आंब्याच्या कलमांचा. काडी कुठल्या झाडाची, हे लिहिल्याशिवाय कलम बागेबाहेर जात नाही. एका वर्षी चिठ्ठ्या पावसात भिजल्या आणि आम्ही अंदाजानं नव्या बांधल्या. सात वर्षांनी एका गिऱ्हाइकानं हापूस म्हणून नेलेल्या झाडाचे आंबे टोपलीभर आणून ओटीवर ओतले. सगळे रायवळ. त्या माणसाची सात वर्षं मला परत देता आली नाहीत. कोळ्यांच्या मिसळलेल्या जातीचं तर फळही दिसत नाही. तीन घरांत गेलेली पिल्लं पुढे आणखी तिसांना दिली जातील आणि मुळात चूक माझ्या बरणीतली.

"नाही," मी म्हटलं. "मूळ कळेपर्यंत सोडायचा नाही."

मास्तर चहा न पिता बरणी काखेत मारून गेले. दुसऱ्याच दिवशी मी गाडीवानाच्या घरी गेले. तो मुंबईला मुलाकडे गेला होता. पत्ता घेऊन मी पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. माघात नर मेला. मास्तर शिमग्यापर्यंत आमच्याकडे फिरकले नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "आपल्या सड्यावरचा निघाला असता तर?"

तसा निघाला असता, तरी त्या रविवारी मी नाहीच म्हटलं असतं. पण मास्तरांना उत्तर द्यायला हवं. गाडीवान आता मुंबईलाच असतो, फक्त गणेशचतुर्थीला गावी येतो. दोन वर्षं आमच्या घरच्या गणपतीच्या गडबडीत तो येऊन गेल्याचं मला मागाहूनच कळलं. मास्तरांच्या गोठ्यात त्यानं कुठलं गवत उतरवलं, हे त्याला विचारायचं अजून राहिलं आहे.