मास्तरांचा गोळ्यांचा तक्ता

"लिवा, सिस्टर," असं म्हणत ते उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट करायचे. धंद्याची सवय. टेलर होते, म्हणून सगळं उमरगा त्यांना मास्तर म्हणायचं. डायलिसिसच्या वेळी डाव्या हातात सुया असत आणि तो हलवायचा नसे. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं उजव्या हातानं.

मी या डायलिसिस विभागाची इन्चार्ज. पाळ्या, वजनं, रिपोर्ट, सगळ्याच्या याद्या करते. याद्यांवरून माझी चेष्टा सगळेच करतात. मास्तर मात्र त्यांत भर घालायचे. चार नंबरच्या खाटेची चादर फाटलीय, लिवा. दाराजवळच्या आजी आज हसल्या, लिवा. मी खरंच लिहायचे.

तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा ते आले. मग सोलापूरहून फोन आला. अपघातात मेंदू मृत झालेल्या एका तरुण माणसाच्या घरच्यांनी त्याच्या दोन्ही किडन्या दिल्या होत्या. एक मास्तरांना मिळाली, दुसरी परंडा तालुक्यातल्या एका तरुण बाईला. देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, तसा नियम आहे. मास्तरांनी ते तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रागावले. पुढं ते नमाजानंतर दुआ मागताना "ज्यानं दिली त्याला" एवढंच म्हणत.

तुमच्या ओळखीत कुणी अशी किडनी घेतलेलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, मृत माणसाची किडनी कधी पहिल्याच दिवशी काम करते, कधी आठवडे घेते. परंड्याच्या बाईची लगेच चालू झाली. मास्तरांची तीन आठवडे झोपलेलीच. तोवर त्यांना तिथंही डायलिसिस लागलं. फोनवर मला म्हणाले, "तिची हुशार निघाली बगा. माझीला सोलापूरचं पाणी मानवंना." बाविसाव्या दिवशी परत फोन. "आठशे मिली लघवी झाली, सिस्टर. लिवा."

दोघांच्या खोल्या शेजारी होत्या. तिथं ती त्यांना भाऊ म्हणायला लागली, ते तिला धाकटी. मला समजावून सांगायचे, "दूधभाऊ असत्यात न्हाय का, तसं आमचं. एकाच मानसाचं खातोय दोघं." पुढं दर महिन्याला रिपोर्ट आले की दोघांचा फोन व्हायचा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा आकडा, ज्याचं जास्त, त्यानं बोलणी खायची. बहुतेक वेळा मास्तरच खायचे.

दोन वर्षं चांगली गेली. दर मंगळवारी ते विभागात यायचे, आता बिनसुयांचे. फाटक्या चादरी शिवायचे. नवा पेशंट घाबरलेला दिसला की त्याला भिंतीवरची माझी नियमांची पाटी वाचून दाखवायचे. त्यातली एक ओळ मुद्दाम मोठ्यानं: दुसऱ्याची औषधं घेऊ नका, स्वतःची देऊ नका. "हे सिस्टरनं लिवलंय. मोडलं तर सुई जाड लावत्यात."

शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. त्यासाठी मी त्यांना एक तक्ता करून दिला होता. गोळी घेतली की खूण करायची, महिन्याच्या शेवटी तक्ता मला दाखवायचा. त्यांचा तक्ता मी इतरांना नमुना म्हणून दाखवत असे.

त्या वर्षी परंड्याकडं अतोनात पाऊस झाला. धाकटीच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, गोळ्यांचा डबा मात्र वाहून गेला. कागदपत्रंही भिजून गेली. चौथ्या दिवशी रस्ता उघडला, तसे मास्तर एसटीनं परंड्याला जाऊन आले. मला म्हणाले, बहिणीला बघून आलो, ठीक आहे. मीही यादीत तसंच लिहिलं.

महिना संपला. तक्ता आला, सकाळ-संध्याकाळ सगळ्या खुणा जागच्या जागी. मी शाबासकी दिली. त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. एक पॉइंट चारचं क्रिएटिनिन साडेतीनवर गेलं होतं. रक्तात औषधाचं प्रमाण अगदी कमी. मी तक्ता परत काढला. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या, एका बैठकीत केलेल्या. मी खुणा मोजल्या होत्या, गोळ्या मोजल्या नव्हत्या.

"किती दिल्या तिला?"

"निम्म्या," ते म्हणाले. "तिला सांगितलं, माज्याकडं जादा हायत. म्या रोज एक घेत होतो की. एकदम बंद न्हाय केली."

मला एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी तिच्या गोळ्यांची सोय झाली असती. तेच मी बोलले, जरा चढ्या आवाजात.

ते पाटीकडं बघत होते. "तुमी नको म्हनला असता, सिस्टर. आन् तुमी नको म्हनल्यावर मला देता आली नसती."

सोलापूरला इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या. किडनी परत चालू झाली नाही. दोन महिन्यांनी मास्तर पुन्हा चार नंबरच्या खाटेवर आले. मी सुया लावत होते. ते म्हणाले, "धाकटीला सांगू नका. रोज दोनदा गोळी गिळायची हाय तिला. कशी गिळंल?" मग म्हणाले, "त्या मानसाची एक तरी ऱ्हायली पायजे."

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. यादीतून नाव खोडायचं काम माझंच असतं. ते मी आठवडाभर केलं नाही. तोवर चार नंबरची पाळी रिकामी जात राहिली, मग ती नव्या पेशंटला दिली.

मग एका मंगळवारी धाकटी आली. परंड्याहून तीन बस बदलून आली होती, ताजा रिपोर्ट घेऊन. एक पॉइंट एक. तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला, कारण आता फोन करायला कुणी नव्हतं.

"सिस्टर, किडनी तर एकाच मानसाची. मग भावाचीच कशानं गेली?"

पंचवीस वर्षांत मी पेशंटला चुकीचं सांगितलेलं नव्हतं. म्हटलं, "होतं कधी कधी असं. शरीर घेत नाही."

"मला वाटलं, गोळ्या चुकवल्या का काय त्यांनी."

"नाही," मी म्हटलं. "त्यांचा तक्ता पूर्ण आहे."

तिनं मान हलवली. पिशवीतून पाण्याची लिटरची बाटली काढली. दिवसाला तीन लिटर प्यायचं असं तिला सांगितलेलं. आत आठ खाटांवर आठ माणसं होती, लघवी होत नाही म्हणून दिवसभराचं मोजकं पाणी अर्धा-अर्धा पेला पुरवून पिणारी. दार उघडंच होतं. ती दारातच उभी राहून सगळी बाटली प्याली, न थांबता, आणि आठही जण तिच्याकडं बघत राहिले.