राखेनं घासलेला तांब्या

"तांब्या टेबलावर ठिवू नको. लांबनं दाखव."

पेट्रोल पंपाचा मालक आबांना असं म्हणाला. आबा म्हणजे माझे वडील. साठी ओलांडलेले. हातात आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला तांब्या. नारायणगावच्या अलीकडं, हायवेला लागून तो पंप. त्याच्या खालच्या उतारावर आमची वस्ती आणि आमची विहीर. मी बारावीत होते. आबांच्या मागं उभी होते.

"शेट, पान्याला डिझेलचा वास येतोय," आबा म्हणाले. "तुमची जमिनीतली टाकी गळत आसंल. एकडाव बघा."

मालक खुर्चीत मागं रेलला. "वास? तुमच्याकडं वास काय आजचा हाय व्हय रं?"

टोमॅटोचे टेंपो घेऊन थांबलेले ड्रायव्हर हसले. एकानं हसता हसता नाकाला रुमाल लावला. आबांनी तळहातानं तांब्या झाकला आणि आम्ही उतार उतरलो.

ती विहीर आबांनी आणि चुलत्यांनी खोदली होती. त्याआधी माझी आजी गावच्या विहिरीपासून लांब बसून राहायची, कुणी तरी येऊन घागरीत वरून पाणी ओतेपर्यंत. आमच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा आबांनी काठावर हा तांब्या ठेवला. बेल्ह्याच्या बाजाराला बैल नेणारे, मेंढरांमागचे धनगर, कुणीही यावं आणि प्यावं. बरेच जण न पिता पुढं जायचे. जो प्यायचा, त्याचं नाव आबा जेवताना सगळ्यांना सांगायचे.

त्या दिवशी घरी येताच आबांनी चुलीतली राख घेतली आणि तांब्या घासला. पाणी काढलं, हुंगलं. पुन्हा घासला. मग स्वतःचे हात साबणानं धुतले.

"भांड्यालाच लागला आसंल वास," ते म्हणाले. "आपलंच कायतरी चुकलं आसंल."

मग वस्तीनं विहीर उपसली. मोटर लावली, गाळ काढला, चुना टाकला. वास वाढला. पाण्यावर रंगीत तवंग आला. आबा म्हणाले, आणखी उपसा. आम्ही आणखी उपसलं. घाण आपलीच असणार, यावर आमचा इतका विश्वास होता.

त्यानंतर प्यायचं पाणी टँकरचं. काठावर कुणी थांबेना. आबा अंथरुणाला खिळले. ते कशानं गेले हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही, आणि मीही त्याला पाण्याचं नाव लावत नाही. शेवटी शेवटी ते एकच विचारायचे, "वास गेला का गं?"

मी नाही म्हणायचे. ते भिंतीकडं तोंड करायचे.

दहावा झाल्यावर मी तो तांब्या फळीवरून काढला. कोरडा होता. नाकाशी धरला. कसलाच वास नव्हता. कधीच नव्हता. राखेनं घासून घासून पितळ पातळ झालं होतं, एवढंच. मी खूप वेळ रडले. मग चूळ भरली आणि तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथं मला बाहेर बसवलं. मी बसले. दुसऱ्या दिवशी परत गेले. विहिरीच्या पाण्याची बाटली पुण्याला तपासायला जाईपर्यंत जात राहिले.

पाण्यात डिझेल निघालं. कचेरीच्या हुकमावरून पंपाचं आवार खोदलं तेव्हा टाकी बुडाशी गंजून फुटलेली निघाली. खालची माती काळी, ओली. उतारावर बोअर मारले, मोटरी बसवल्या. वर आलेलं पाणी वेगळ्या टाकीत साठवून त्यावरचं डिझेल काढून घ्यायचं, उरलेलं पाणी कोळशातून गाळायचं. काम करणाऱ्या इंजिनियरनं मला सांगितलं, "तुम्ही विहीर जितकी उपसलीत, तितकं डिझेल तिच्याकडे ओढलं गेलं." मी ऐकत होते. मला आबांचे राखेनं भरलेले हात दिसत होते.

पुढं एका सकाळी मालक आमच्या विहिरीवर आला. हातात नारळ, बरोबर कचेरीतले साहेब आणि फोटोवाला.

"ताई, झालं आता समदं साफ," तो म्हणाला. आबांना 'रं' म्हणणारा माणूस मला ताई म्हणत होता. "तक्रार तुमची हुती, तवा सायबांसमोर पयला तांब्या तुमी प्या. मंग ही यंत्रं हलवतो."

मी पाणी काढलं. तांब्या भरला. त्याच्यापुढं धरला.

"आधी तुमी प्या, शेट."

त्याचा हात वर आला नाही. "माझा उपास हाय आज."

"पान्याचा पन?" मागून माझी चुलती म्हणाली. वस्तीतल्या बाया हसल्या. साहेब बुटांकडं बघत राहिले.

जातीमुळं प्यायला नाही की डिझेलमुळं, ते मी विचारलं नाही. मी पाणी ओतून दिलं.

"यंत्रं हलनार न्हाईत," मी म्हणाले.

मोटरी चालूच आहेत. तांब्या काठावर उपडा ठेवला आहे. तो मी राखेनं घासत नाही. पंपाचा मालक इथं येऊन, वस्तीसमोर, या तांब्यानं पाणी पिईल, तेव्हा विहीर साफ झाली असं मी म्हणेन. तोवर एकही नळी इथून उचलू देणार नाही.