भोंग्याच्या खोलीत सुनंदाबाई

मोहोपाड्याच्या शाळेत मी रुजू झाले, त्याच आठवड्यात चित्रकलेच्या सुनंदाबाईंनी मला फैलावर घेतले. भिंतीवरच्या एका चित्रापुढे उभी राहून मी शिष्टाचार म्हणून "छान आहे" म्हटले होते. "छान तर वरणसुद्धा असतं," बाई म्हणाल्या. "ते बघून तुम्हाला काय झालं ते सांगा." मी इतिहासाची शिक्षिका, मला काहीच झाले नव्हते. अशी आमची ओळख.

निवृत्तीनंतर बाईंनी इकडच्या माणसांना मुंबईच्या संग्रहालयांत आजची कला दाखवायला नेण्याचा वसा घेतला. गाडी ठरवायची, चपाती-भाजी बांधून घ्यायची आणि कुणालाही अर्थ सांगायचा नाही. जुन्या लुगड्यांच्या एका भल्यामोठ्या पडद्यापुढे कळंबच्या सगुणाबाई म्हणाल्या, "आमची गोधडी याच्याहून बरी हाय गं." बाईंनी त्यांना गप्प केले नाही, नेमकी कुठे बरी, ते विचारत बसल्या.

गेल्या वर्षीची संग्रहालयाची भेट मात्र वेगळीच ठरली. एका अंधाऱ्या खोलीत कलाकाराने कारखाना मांडला होता. निळी पिंपे, जमिनीलगत पांढरा धूर. गुडघे दुखत असल्याने बाई आतल्या बाकावर बसल्या होत्या. अचानक भोंगा वाजला.

कारखान्याचा भोंगा अवेळी झाला की गॅस सुटला समजून नाकाला ओला रुमाल लावून बाहेर पडायचे, हे मोहोपाड्यात सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले जनूभाऊ ओरडले, "गॅस सुटला रं! भाईर पळा!" बाटलीतल्या पाण्याने त्यांनी रुमाल भिजवले, आम्हाला दाराबाहेर ढकलले. क्षणभर मलाही ते खरेच वाटले. बाई दिसेनात म्हणून जनूभाऊ एकटेच पुन्हा त्या धुरात शिरले.

बाईंना धरून ते बाहेर आले, तेव्हा तिथली तरुण मंडळी हसत होती. कुणी मोबाइल काढले होते. "काका, ती नुसती वाफ आहे."

जनूभाऊंचा चेहरा उतरला. ते पायरीवर बसले. "मला गाडीत बसवा. आता पुना मी कुटं येत नाय."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. नाकावरचा ओला रुमाल त्यांनी काढला नाही, त्यामुळे लोक दोघांनाही हसू लागले. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली होती, रखवालदार घाई करत होता आणि ही दोघे हलेनात. मला वाटले, हा माणूस आता कायमचा दुरावला.

"जनूभाऊ," बाई म्हणाल्या, "मी घाबरले हो. अजून छातीत धडधडतंय. मला ते पुन्हा बघायचंय, पण एकटीला जमणार नाही."

जनूभाऊ उठले. "चला बाई. पन मी दाराशी हुबा ऱ्हातो."

रखवालदाराने पाच मिनिटे दिली, बाई आत बाकावर जाऊन बसल्या आणि भोंगा पुन्हा वाजला. जनूभाऊंनी डोळे मिटले, चौकट घट्ट धरली, पण जागचे हलले नाहीत.

बाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे आणि गुडघ्यांनीही त्यांचे ऐकावे, ही आम्हा सर्वांची इच्छा. जनूभाऊंना मी विचारले, या लेखात तुमच्या वतीने काय लिहू?

"लिवा," ते म्हणाले, "बाई आत असतील तर मी भाईर पळनार नाय."